मारोमी : संशयभ्रम, वहीम की समजूत?

मूळ प्रश्न

'पॅरानोइया एजंट' ही सातोशी कोन यांची २००४ सालची जपानी ॲनिमे मालिका मी सध्या पुन्हा बघतेय. आमच्या छोट्या गटासाठी तिच्या तेरा भागांची मराठी टिपणं करायचं काम मी अंगावर घेतलं आणि पहिल्याच पानावर एका शब्दापाशी अडले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शेवटही सांगावा लागेल. त्सुकिको सागी ही कॅरेक्टर डिझायनर. तिनं काढलेलं मारोमी नावाचं गुलाबी कुत्रं देशभर गाजलंय आणि आता वरचे लोक दुसऱ्या मारोमीसाठी तिच्या मागे लागलेत. काही सुचत नाही. एका रात्री घरी परतताना तिच्यावर हल्ला होतो. मारणारा शाळकरी मुलगा, पायात सोनेरी स्केट्स, हातात वाकलेली सोनेरी बॅट. तपास करणाऱ्या इकारींना तिचं म्हणणं पटत नाही. आणि ती एकटी असली की मारोमीची बाहुली मान हलवते आणि तिच्याशी बोलायला लागते. दमलीस, जरा विसाव, काळजी करू नकोस, अशा सुरात.

इंग्रजी नावामुळे जो तो मारोमीला पॅरानोइयाचं लक्षण म्हणतो. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'संविभ्रम' म्हणतात, कुठे 'संशयभ्रम'. पण मारोमी संशय घेते कुठे? ती तर गोंजारते. मग तिला नुसती 'काल्पनिक मैत्रीण' म्हणावं, तर तेही जमत नाही. माझी भाची चार वर्षांची असताना तिची अशी एक मैत्रीण होती. जेवताना तिचं पान वेगळं मांडावं लागे आणि त्यात पोळीचा चतकोर आठवणीनं वाढावा लागे. एकदा मी विचारलं, "तिला अजून भाजी हवी का गं?" तर भाची माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आत्या, ती खोटी-खोटीच आहे ना." त्सुकिको असं कुणाच्या कानात सांगत नाही. तर मग शब्द कोणता?

प्रतिसाद

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून आधी दोन शब्द वेगळे करून ठेवते. आपल्याकडे भास आणि भ्रम बोलताना एकच होऊन जातात. समोर काही नसताना दिसणं, ऐकू येणं म्हणजे भास. खोटी गोष्ट खरी मानणं आणि कितीही पुरावे दिले तरी न सोडणं म्हणजे भ्रम. बाहुली बोलते हा भास झाला. पॅरानोइया भ्रमाच्या खात्यात जातो, आणि त्यातला नेहमीचा भ्रम म्हणजे कुणीतरी माझ्या वाईटावर आहे.

पण तुमच्या भाचीचं उदाहरण मला फार नेमकं वाटलं. लहान मुलांचे असे सवंगडी हा आजार नव्हे. मूल त्यांना खेळवतं, रागे भरतं, कंटाळा आला की विसरून जातं. लगाम मुलाच्या हातात असतो. त्सुकिकोच्या बाबतीत तो बाहुलीच्या हातात गेलाय.

आता पॅरानोइयाबद्दल. फ्रॉइडनं १९११ मध्ये श्रेबर नावाच्या जर्मन न्यायाधीशाच्या आत्मकथनावर लिहिलं, तेव्हा प्रक्षेपणाची कल्पना वापरली. मनातली जी गोष्ट स्वतःशी कबूल करता येत नाही ती बाहेरून आपल्यावर चालून येते. 'मला त्याचा द्वेष वाटतो' याचं 'तो माझा द्वेष करतो' असं होतं. फ्रॉइडचं सगळंच आज कुणी धरून बसत नाही, पण बॅटवाला मुलगा या साच्यात चपखल बसतो. शेवटच्या भागात कळतं की लहानपणी त्सुकिकोकडे मारोमी नावाचंच खरं पिल्लू होतं. रस्त्यात तिच्या पोटात कळ येते, ती वाकते, हातातली दोरी सुटते आणि पिल्लू गाडीखाली जातं. वडील कडक. ती घरी सांगते की एका मुलानं बॅटनं मारलं. 'माझ्या हातून झालं' याचं 'त्यानं केलं' झालं, तो क्षण हा.

मारोमी मात्र या साच्याची दुसरी बाजू. दोष घेऊन जायला तो मुलगा, आणि दोष उरला नाही असं सांगायला ही बाहुली. मारोमीला एकटीला बाजूला काढून तिला पॅरानोइया म्हणणं मला चूक वाटतं. दोघांना जोडीनंच वाचावं लागेल.

प्रतिसाद

पुण्यात जपानी शिकवतो, म्हणून नावाबद्दल. मूळ नाव 'मोसो दाइरीनिन'. पॅरानोइयासाठी जपानीत वेगळा शब्द आहे, इंग्रजी शब्दही तसाच उचललेला आहे. नावात त्यातलं काहीच नाही. 'मोसो' म्हणजे भ्रम. रोजच्या बोलण्यात मनोराज्यालाही मोसो म्हणतात, त्यामुळे शब्द पॅरानोइयापेक्षा कितीतरी मऊ आणि ऐसपैस आहे. संशय हा इंग्रजी नावानं आत आणलेला पाहुणा.

'दाइरीनिन' म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं काम करणारा. कोर्टकचेरीत हा शब्द रोज लागतो. एजंट म्हटलं की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो, नाहीतर गुप्तहेर. मराठीत याला तयार शब्द आहे : मुखत्यार. ज्याला कुलमुखत्यारपत्र दिलं त्यानं केलेली सही आपलीच धरली जाते. बॅटवाला मुलगा त्सुकिकोच्या वतीनं बॅट चालवतो आणि तिला ते नाकारता येत नाही. म्हणून 'भ्रमाचा मुखत्यार'.

आणखी एक. दहाव्या भागाचं नाव 'मारोमी मादोरोमी'. मादोरोमी म्हणजे डुलकी, गुंगी. बाहुली काय करते ते त्या नादातच आहे. ती त्सुकिकोला झोपवते.

प्रतिसाद

'वहीम' कसा वाटतो? अरबीत 'वह्म' म्हणजे कल्पना, भ्रम. मराठीत येऊन त्याचा संशय झाला. 'वहिमावरून पकडलं' असं जुन्या बातम्यांत असायचं. भ्रम आणि संशय दोन्ही एका शब्दात आहेत, जोडाक्षरांचा डोंगर नाही. आमची आजी संशयी माणसाला 'वहिमी' म्हणायची.

प्रतिसाद

वहीम इकारींना शोभेल, ताई. ते पोलीस आहेत आणि त्सुकिकोवर त्यांचा वहीम आहे! मारोमीला नाही.

वर 'मोसो' आलं म्हणून लिहितो. हा शब्द जपानीत चिनी बौद्ध ग्रंथांतून आला. लंकावतारसूत्राच्या गुणभद्रानं केलेल्या चिनी भाषांतरात मूळ संस्कृत 'विकल्प' या शब्दासाठी 'मोसो'चीच दोन चिनी अक्षरं वापरली आहेत. म्हणजे शब्द निघाला आपल्याकडून. आज आपण परीक्षेत 'योग्य विकल्प निवडा' म्हणतो, पण 'मनात विकल्प आणू नका' हा जुना अर्थ घरोघरी अजून जिवंत आहे.

पतंजलींची योगसूत्रांतली व्याख्या बघा : 'शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यो विकल्पः'. शब्द ऐकून ज्ञान होतं, पण त्यामागे वस्तू नसते, तो विकल्प. त्याच्या लगेच आधीच्या सूत्रात विपर्यय आहे, दोरीला साप समजणं. तिथे निदान दोरी तरी असते. बॅटवाल्या मुलाच्या मागे दोरीसुद्धा नाही, नुसता शब्द आहे. नवव्या भागात इमारतीतल्या बायका एकत्र जमून त्याचे एकेक किस्से सांगतात, प्रत्येकीचा मागचीपेक्षा तिखट. त्या बोलण्यावरच तो वाढतो. शहर गिळणाऱ्या त्या मुलाला मी निःशंकपणे विकल्प म्हणेन. मारोमीपुरतं मात्र हे अपुरं पडतं, कारण तिच्यात माया आहे आणि विकल्प हा शब्द कोरडा आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

माया आहे आणि शब्द कोरडा, हे वाचलं आणि रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी शेजारी रडणाऱ्या नातवाला आजोबा म्हणत होते, "अरे, त्याची समजूत काढा कुणीतरी." आणि मला शब्द मिळाला.

समजूत. 'त्याची अशी समजूत झालीय' म्हणजे तो असं धरून बसलाय, बहुतेक वेळा चुकीचं. आणि 'समजूत काढणे', 'समजूत घालणे' म्हणजे गोंजारून शांत करणं. धरून बसलेली खोटी गोष्ट आणि मायेनं केलेली शांतवण, दोन्ही एकाच शब्दात. मारोमी तेवढीच आहे. तिचा प्रत्येक शब्द त्सुकिकोची समजूत काढतो आणि त्याच वेळी तिची समजूत पक्की करतो. संशयभ्रमात हे मावत नाही, कारण त्या शब्दात कुणी कुणाला जवळ घेत नाही.

यामुळे इकारींच्या बायकोचा अकरावा भागही मला नव्यानं दिसला. मिसाए आजारी आहे. बॅटवाला मुलगा तिच्या घरात येतो, पण त्याच्या हातून मार खाऊन सुटका करून घ्यायला ती नकार देते. आजार, नवरा, हातून निसटलेलं आयुष्य, सगळं बोलून दाखवते. तिला समजूत काढून घ्यायची नाही. त्या मुलाला तिच्यापुढे करण्यासारखं काही उरत नाही.

समुपदेशक ताईंचं म्हणणं मी घेतलं : दोघांना जोडीनं वाचायचं. शेवटच्या भागात त्सुकिको पुन्हा त्या जुन्या रस्त्यावर उभी आहे, पिल्लू कुशीत आहे, आणि दोरी आपणच सोडली हे ती कबूल करते, माफी मागते. तिथे बाहुली बोलत नाही.

टिपणांत आता असं लिहितेय : मालिकेचं नाव 'भ्रमाचा मुखत्यार', मुलाच्या अफवेला 'विकल्प', इकारींच्या नजरेला 'वहीम'. मारोमीपुढे मी 'समजूत' लिहिलंय, अवतरणचिन्हांशिवाय. दहाव्या भागाच्या नावात मादोरोमीचा नाद मराठीत कसा आणावा, 'गुंगी' घ्यावं की 'डुलकी', तेवढं जपानीवाल्या सरांनी सांगावं.