बारावीचे गणित दुसऱ्यांदा राहिले. आता अभ्यासाला बसवत नाही

प्रश्न: सायंतारा

नमस्कार. बारावी विज्ञान शाखेच्या फेब्रुवारीतील परीक्षेत माझे भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय राहिले. पुरवणी परीक्षेत भौतिकशास्त्र सुटले, परंतु गणितात मी पुन्हा अनुत्तीर्ण झाले. येत्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा पेपर द्यायचा आहे. दहावीला मला 84 टक्के गुण होते, त्यामुळे घरच्यांनी लातूरला खोली करून दिली, क्लास लावला आणि मी अभियांत्रिकीला जाणार हे न बोलताच ठरून गेले. आता मी गावी परतले आहे. सकाळी वही उघडते, पहिले उदाहरण अर्धे होते आणि हात थांबतो. पूर्वी चुकले की स्वतःचा राग यायचा. आता रागही येत नाही आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. दिवाळीत मैत्रिणी कॉलेजातून घरी आल्या, तेव्हा मी मामाकडे निघून गेले. वडील म्हणतात, गणित सोडव आणि सीईटी देऊन इंजिनिअरिंगलाच जा. आई म्हणते, पास हो आणि उदगीरला बी.एस्सी. कर. मला स्वतःला काय हवे आहे, हेच सांगता येत नाही. यातून गेलेल्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर: माळरान

मी कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे गणित शिकवले, म्हणून त्याबद्दलच बोलते. दहावीला 84 टक्के मिळवणाऱ्या मुलीचा हात बारावीत थांबतो, तेव्हा अडचण बहुधा इंटिग्रेशनची नसून अकरावीत मागे राहिलेल्या त्रिकोणमितीची असते. अकरावीचे वर्ष 'महत्त्वाचे नाही' म्हणून निसटते आणि त्याची किंमत पुढच्या वर्षी मोजावी लागते. त्यामुळे सुरुवात तिथून करू नकोस. एलपीपी (लिनिअर प्रोग्रामिंग), लॉजिक आणि मॅट्रिसेस या प्रकरणांना त्रिकोणमिती फारशी लागत नाही. एलपीपीमध्ये तर मुख्यतः रेषा काढून योग्य भाग छायांकित करायचा असतो.

लेखी पेपर 80 गुणांचा असतो. त्यात बहुपर्यायी प्रश्नांना 16 आणि एकेका गुणाच्या प्रश्नांना 4 गुण असतात; पुढे दोन गुणांच्या बारांपैकी आठ, तीन गुणांच्या बारांपैकी आठ आणि चार गुणांच्या आठांपैकी पाच उदाहरणे सोडवायची असतात. म्हणजे पहिल्या दोन विभागांतच (बहुपर्यायी व एकेका गुणाचे प्रश्न हा पहिला, दोन गुणांचे प्रश्न हा दुसरा) 36 गुण आहेत. तू सध्या चार गुणांच्या उदाहरणांवर सकाळ घालवत असशील, तर ते थांबव. लेखी परीक्षेत 40 ते 45 गुणांचे लक्ष्य ठेव आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतील फक्त हे दोन विभाग आधी पूर्ण कर.

उत्तर: तिसरा प्रहर

माझेही गणित दोनदा राहिले होते. वरचा सल्ला योग्य आहे, पण माझी तेव्हाची अडचण अशी होती की एका पेपरावर मी सगळे आयुष्य टांगून ठेवले होते. गणित सुटले तर इंजिनिअर, नाहीतर काहीच नाही. प्रत्यक्षात दहावीच्या गुणांवर पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागत नाही, हे मला एका दुकानदाराने सांगितले. घरात कोणालाच माहीत नव्हते. मी यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा केला आणि त्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात गेलो. त्या प्रवेशाला सीईटी लागली नाही. तुझे गणित फेब्रुवारीत सुटले, तर विज्ञान शाखेच्या आधारावर डिप्लोमाच्याही थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. म्हणून अभियांत्रिकी हवी की बी.एस्सी., याचा निर्णय आत्ताच, या मनःस्थितीत घेण्याची गरज नाही. मात्र उदगीरचे महाविद्यालय आणि जवळचे एखादे तंत्रनिकेतन एकदा स्वतः जाऊन बघ, तिथल्या मुलींशी बोल. मला कार्यशाळेत उभे राहिल्यावर जे कळले, ते खोलीत बसून कळले नव्हते.

उत्तर: ओसरी

रागही येत नाही, हे तुझे वाक्य वाचून मी थांबले. माझ्या मुलीच्या बाबतीत याला आम्ही आळस समजलो आणि फार उशीर केला. झोप, भूक आणि माणसांत मिसळणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, तर कृपया डॉक्टरांना भेट. टेलिमानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तसेच, मामाकडे निघून जाण्याऐवजी त्या मैत्रिणींपैकी एकीला तरी फोन कर. तुला वाटते तितका तुझ्या निकालाचा विचार त्या करत नसतील.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. माळरान, तुम्ही म्हणता ते खरे आहे. अकरावीत मी त्रिकोणमितीच्या तासांना क्लासच्या चाचण्यांचा अभ्यास करत असे. काल एलपीपीची चार उदाहरणे सोडवली, त्यांतली तीन बरोबर आली. पॉलिटेक्निकबद्दल वडिलांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना त्यांनी प्रवेश कधी सुरू होतात असे विचारले. ओसरी ताई, झोप खरोखरच बिघडली आहे. आईला आज सांगणार आहे.