मदत हवी आहे: झाडावरून परत कोड काढला की कंस गायब

खोडरबर: तातडीचं आहे. कोड पार्स करतो (म्हणजे त्याच्या रचनेचं झाड बनवतो), झाडात थोडी साफसफाई करतो, परत मजकूर काढतो. बाहेर पडतं -२ ** २ (** म्हणजे घात) आणि उत्तर ४ ऐवजी -४. झाड दहादा तपासलं, बरोबर आहे. आज रात्री द्यायचंय!

चहाबाज: भाषा कुठली? जावास्क्रिप्टमध्ये हे चालतच नाही, थेट सिंटॅक्स एरर.

खोडरबर: पायथन. ** वरून कळत नाही का?

चहाबाज: ** रूबीतही आहे हो. मजकूर कशाने काढता? स्वतःचं काही की पायथनच्या एएसटी मॉड्यूलचं अनपार्स, म्हणजे झाडावरून मजकूर काढणारं फंक्शन? ते पायथन ३.९ पासून आहे.

जुनासीवाला: प्रत्येक क्रियेला कंस घाला, विषय संपला. खरी गंमत सी भाषेतल्या लोंबत्या एल्सची. इफच्या पोटात इफ, एल्स एकच. झाडात तो बाहेरच्याचा, छापला की आतल्याला चिकटतो. महिरपी कंसाशिवाय इलाज नाही.

जाई: काका, पायथनमध्ये इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) आहे, एल्स लोंबत नाही. आणि इतके कंस घातलेला कोड वाचणार कोण?

पारिजात: अनपार्सने सगळ्या कॉमेंट्स उडतात बरं का. लिबसीएसटी ही लायब्ररी घ्या, त्यात राहतात.

खोडरबर: कॉमेंट्सचं कुणी विचारलं? अनपार्सच आहे, ३.११.

जाई: "साफसफाई" म्हणजे नक्की काय करता?

खोडरबर: आकडेमोड आधीच उरकतो. १ - ३ दिसलं की तिथे कॉन्स्टंट(-२), म्हणजे थेट आकडा. त्याचा काय संबंध?

जाई: तिथेच तर घोळ आहे! पायथनचा पार्सर ऋण कॉन्स्टंट कधी बनवतच नाही. -२ त्याच्या लेखी युनरीऑप (एकाच पदावरची क्रिया), आत कॉन्स्टंट २. अनपार्सला कॉन्स्टंट दिसला की तो कंसाचा विचारच करत नाही, आहे तसा छापतो. वाचताना मात्र ** चा अग्रक्रम उणे चिन्हाच्या वरचा, म्हणून -(२ ** २). उत्तर ऋण आलं की तुम्हीच युनरीऑप बनवा. आणि छापलेलं पुन्हा पार्स करून दोन्ही झाडांचे डम्प (झाडाचा मजकुरी उतारा) ताडून बघा, असलं काही असेल तर लगेच सापडतं.

खोडरबर: आलं! (-२) ** २. जाई, चहा लागू.

चहाबाज: पहिल्याच पोस्टीत सांगितलं असतंत तर तासभर वाचला असता.

जुनासीवाला: माझं ऐकून कंस घातले असते तरी वाचला असता.

जाई: नसता, काका. (-२ ** २) असं छापलं असतं. कॉन्स्टंट ही क्रिया कुठेय?

जुनासीवाला: मग कॉन्स्टंटलाही घालायचे.