अनुभव धागा: इंग्लंडात 'फॉली' बघायला चालत गेलात का?

जुन्या सरदारांच्या बागांत दूर टेकाडावर मुद्दाम बांधलेला मनोरा, देऊळ नाहीतर पडका किल्ला असतो ना, ती फॉली. उपयोग शून्य, पण वाड्याच्या खिडकीतून दिसायला झकास. तिथवर तंगडतोड केलेल्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

केंब्रिजजवळचं विंपल. आईबाबा पुण्याहून आलेले. तळ्यावरून, कुरणातून, शेणाचे पो चुकवत वर गेलो. बाबा राजगड-तोरणा पालथे घातलेले. त्यांनी मनोऱ्याला फेरी मारली, भिंतीवर हात ठेवला. "कुणी पाडला?" म्हटलं, कुणी नाही, पडकाच बांधलाय. सँडरसन मिलरनं १७५०च्या सुमारास आराखडा काढला, वीसेक वर्षांनी बागा आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउननं उभा केला. अलीकडे डागडुजीही झाली, म्हणजे होता तसाच पडका राहावा म्हणून! परतताना बाबांचं एकच : "अरे, पण पडकं बांध हे गवंड्याला सांगितलं कसं असेल?"

*

स्टूरहेडचा किंग आल्फ्रेड टॉवर. १७७२चा, विटांचा, त्रिकोणी, १६० फूट. बागेपासून रानातून निघालो, पाऊण तासात पोचू म्हणालो. दीड तास लागला, घोट्याएवढा चिखल. वर दार बंद! २०५ पायऱ्यांचा जिना ठरावीक दिवशीच उघडतो, हे मी बघितलंच नव्हतं. बायको दारापाशी बसून थालीपीठ खात म्हणाली, "वेळ बघायचं काम कुणाकडे होतं?"

*

कॉट्सवोल्ड्समधलं सेझिनकोट बघाच. ईस्ट इंडिया कंपनीत कमावून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलनं १८०५च्या सुमारास मोगली घुमटाचं घर बांधलं. बागेतलं सूर्याचं देऊळ चित्रकार थॉमस डॅनियलचं, आणि ओढ्यावरच्या पुलावर चक्क नंदी! पाऊस भुरभुरत होता, गवत ओलंगच्च, तरी सासूबाईंनी देवळासमोर बूट काढले. म्हटलं, आई, शोभेचं आहे हो हे. "असू दे. सूर्य तर खरा ना?" त्या दिवशी तोही उगवला नव्हता.

*

स्टोच्या बागेत जाणाऱ्यांनो, पोरं सांभाळा. गुरं बागेत शिरू नयेत म्हणून कुंपणाऐवजी खोल चर असतो, त्याला 'हाहा' म्हणतात. बागेच्या बाजूनं तो दिसतच नाही. आमच्या धाकट्यालाही दिसला नाही. गुडघा फुटला, आणि खालच्या मेंढ्या चरायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिल्या.