देशाची तब्येत मोजून गावाले काय भेटते?

डवरेवाला, दारव्हा
मंडळी, सुखी देशांच्या यादीत फिनलंड 2018 पासून दरवर्षी पहिला आन आपण 2025 मध्ये 118 वे. मोजतात कसं, तर माणसाले म्हनतात एक शिडी समजा, खाली शून्य वर दहा, तुमचं जिणं कितव्या पायरीवर? बहुतेक देशांत वर्षाले हजारेक लोकांले विचारतात, बस. आमच्या बुढ्याले हे पोळ्याच्या दिवशी विचारलं तर आठ म्हनन, आन सोयाबीन हमीभावाच्या खाली देऊन अडत्याकडून निघाला तवा विचारलं तर शिव्या देईन. माझं मत सरळ आहे, हे देशभराचे सर्व्हे म्हणजे टाइमपास.

निवृत्त मास्तर
भाऊ, शितावरून भाताची परीक्षा होतेच की. माणसं नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तर हजार पुरतात, देश केवढा त्याने फार फरक पडत नाही. आणि तुम्ही दोन गोष्टी एकत्र कालवताय. ती शिडी वेगळी, आपला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे वेगळा. 2019-21 च्या फेरीत 6 लाखांवर घरं, वजन, बीपी, शुगर, बोटातून रक्त, सगळं. 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांत रक्त कमी निघालं, आधीच्या फेरीत 53 होतं. मोजलं नसतं तर हे वाढलं असं कोणी म्हटलं असतं?

डवरेवाला, दारव्हा
मास्तर, रक्ताचं ठीक आहे, सुईले खोटं बोलता येत नाही. पण 2024 मध्ये बातमी होती की भारतातल्या जवळपास अर्ध्या मोठ्या माणसांची पुरेशी हालचाल होत नाही, बायका तर 57 टक्के. कोणत्या बायका? दिवसभर वाकून कापूस वेचून वरून डोक्यावर इंधन आणणाऱ्या?

वणीची पोर
दादा त्यात शेतकाम, पायी चालणं पण धरतात, फक्त जिम नाही. आणि देशात शहरं पण आहेत हो 😄

आशाताई
धरतात कागदावर. मी आशा सेविका, गावातल्या 30 वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी-शुगरच्या धोक्याचा फॉर्म भरते, त्यात आठवड्याले 150 मिनिटं शारीरिक हालचाल होते का असा प्रश्न आहे. बाईले 'व्यायाम' ऐकू येते आन ती हसून नाही म्हनते, झाला धोक्याचा एक मार्क. मग मी विचारते, बाई निंदाले कुठं जाता, किती वेळ लागते, तवा खरं निघते. पण हे सगळे विचारतात असं नाही. कमर टेपनं मोजतो, बायांची 80 सेंटीमीटरच्या वर, माणसांची 90 च्या वर गेली की मार्क वाढते, टोटल चारच्या वर गेली तर तपासणीले पाठवायचं. तंबाखूचा प्रश्न आला की सासू दारात उभी, सून म्हनते "नाही जी", आन नंतर गोठ्यामागं खर्रा. माणूस तर गालात खर्रा धरूनच सांगते, कधीमधी खातो.

निवृत्त मास्तर
म्हणजे प्रश्न विचारायची पद्धत सुधारा. मोजणं बंद करा हे कुठून आलं? देशाच्या तंबाखू सर्व्हेत 2016-17 ला 21 टक्क्यांवर मोठी माणसं चघळायचा तंबाखू खातात असं आलं, तेही लोक लपवत असताना.

डवरेवाला, दारव्हा
बंद करा नाही म्हणत, पण आमच्याकडून नेलेलं आमच्याकडे येऊ द्या. त्या आरोग्य सर्व्हेचं जिल्ह्याचं फॅक्टशीट, म्हणजे आकड्यांचं पत्रक, निघते म्हणे, ग्रामसभेत कोणी वाचलं का आजवर? आमच्याकडे तर नाही.

वणीची पोर
जिल्ह्याचं वाचून गावचं नाही कळणार दादा, ती घरं जिल्ह्यापुरती निवडलेली असतात, तुमच्या गावचं एक घर पण नसेल त्यात. गावचा आकडा ताईंच्या फॉर्मात आहे.

आशाताई
हाव, आन ते फॉर्म भरून ऑनलाइन जातात, मले पण टोटल कोणी पाठवत नाही. नावं वगळून बीपीवाले किती, शुगरवाले किती, खर्रावाले किती एवढं फलकावर लिहाले माझी ना नाही. पण सरपंचाच्या भावाचीच खर्ऱ्याची टपरी आहे, बघा तुम्हीच बोलून.

डवरेवाला, दारव्हा
आमच्या इकडं सरपंचाचीच आहे बाप्पा 😂