पेपरच्या आधीचा पोटातला गोळा - तुमचे अनुभव लिहा

लेकीची परीक्षा चालू आहे आणि तिच्यापेक्षा जास्त टेन्शन मलाच आलंय असं तिचं म्हणणं, म्हणून हा धागा. शाळेतल्या परीक्षेचं दडपण तुम्हाला कसं यायचं, घरचे काय करायचे, सगळं लिहा. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" हे नको प्लीज.

---

मला पेपरच्या सकाळी हमखास उलटी व्हायची. प्रश्नपत्रिका हातात पडली की सगळं ठीक, पण ती मिळेपर्यंतचा वेळ नको वाटायचा, त्यात वर्गाबाहेर कोणीतरी वही उघडून विचारणार "हे केलंस ना?" आणि आपण नेमकं तेच ऑप्शनला टाकलेलं.

---

गणिताच्या पेपरला पहिलंच उदाहरण अडलं आणि मी पूर्ण ब्लँक. अक्षरं दिसतायत पण अर्थच लागेना, शेजारचा पुरवणी मागायला उभा राहिला तेव्हा तर हातपाय गार. घरी येऊन बूट काढता काढता तेच उदाहरण डोक्यात सुटलं, स्टेप्ससकट! असला संताप झाला ना.

---

@ब्लँक, मानसशास्त्र शिकलेय म्हणून सांगते. गणिताच्या मधल्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला वर्किंग मेमरी लागते आणि नेमकी तीच "नापास झालो तर?" मध्ये अडकून पडते. बूट काढताना ती मोकळी झाली असणार :) २०११ मध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांचा एक प्रयोग गाजला होता, परीक्षेच्या आधी १० मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की घाबरणाऱ्या मुलांना मार्क बरे पडतात असा. २०१८ मध्ये दुसऱ्यांनी तो परत करून पाहिला तेव्हा तसं काही दिसलं नाही. त्यामुळे हमखास उपाय म्हणून नाही सांगत, पण मला स्वतःला लिहून बरं वाटायचं.

---

मी सुपरव्हिजनला असते. कोण घाबरलंय ते मागूनसुद्धा कळतं, पेनाचं टोपण उघड-बंद, तळहात सारखा कपड्याला पुसणं. पाणी हवंय का विचारते, त्यापलीकडे बोलायची सोय नाही. "शेवटची पाच मिनिटं" हे मात्र मी मुद्दाम हळू आवाजात सांगते, काही मुलं अक्षरशः दचकतात हो.

---

आमच्याकडे खरी परीक्षा पेपर झाल्यावर. बाबा प्रश्नपत्रिका घेऊन बसायचे, एकेक उत्तर विचारून समासात पेन्सिलीने मार्क मांडायचे, उद्याचा विषय राहिला बाजूला. शेवटी दादाने "बाईंनी प्रश्नपत्रिका परत घेतल्या" ही थाप शोधून काढली आणि मग मीही तीच चालवली, बरीच वर्षं.

---

नोकरीतून रिटायर व्हायला आलो, अजून स्वप्नात इतिहासाचा पेपर असतो आणि मी भूगोल वाचून गेलेलो असतो.

---

माझा उद्या विज्ञानाचा आहे. ऑल द बेस्टचे फोन नकोत असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. आजीने फोन करून विचारलं, "मग मी पण करायचा नाही का?"