मदत हवी आहे: थंडीसाठी लोकरीची पँट कशी बघून घ्यायची?

मंडळी, जीन्सवर ही थंडी निघत नाहीये, सकाळी बाहेर पडलं की मांड्या गारठून जातात आणि आत थर्मल घातलं तर गुडघ्यामागे सगळं गोळा होऊन बसतं. म्हणून लोकरीची पँट घ्यायचीय. आधीची एक मीच गरम पाण्यात मशीनला टाकून आटवली, घोट्याच्या वर चार बोटं आली (हसू नका). आता १००% लोकर घ्यावी की थोडं नायलॉन मिसळलेली, म्हणजे बसायच्या जागी लवकर विरणार नाही? मेरिनो मेंढीच्या लोकरीचा धागा बारीक म्हणून टोचत नाही हे कळलं, पण वाऱ्यात जाड फ्लॅनेल (मऊ, लवदार लोकरी कापड) जास्त चांगलं का? आणि अस्तर गुडघ्यापर्यंतच असलं तर पुरतं का? वापरलेल्यांनीच सांगा प्लीज.