गडग्याला लागून करवंदाचे कुंपण: बी कोणते घ्यावे, आणि मुळांचा काढा घ्यावा का?

कातळवाट (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या वरकस जमिनीवर मातीचा थर वीतभरही नाही, खाली सगळा जांभा आहे. जुना गडगा (दगड रचून केलेला बांध) जागोजागी ढासळला असून तो पुन्हा रचण्याऐवजी त्याला लागून करवंदाच्या जाळ्यांचे जिवंत कुंपण करावे, असा विचार आहे. त्यासाठी रोपवाटिकेत मिळणारी मोठ्या, गुलाबी-पांढऱ्या फळांची रोपे आणावीत की आसपासच्या रानातील काळ्या करवंदांचे बी रुजवावे? कुंपण दाट राहण्यासाठी छाटणी केली तर फळ हाती लागेल का? शिवाय घरातील एका वृद्ध व्यक्तीला पोटाच्या तक्रारीवर करवंदाच्या मुळांचा काढा घेण्याचा सल्ला कोणीतरी दिला आहे. फळ आपण सारेच खातो, तेव्हा मूळही निर्धोक मानावे काय?

बांधकरी

कुंपण हाच मुख्य हेतू असेल तर रानातीलच बी घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सह्याद्रीत आणि कोकणच्या सड्यांवर (कातळी पठारांवर) वाढणारी करवंद कॅरिसा स्पायनॅरम या नावाने ओळखली जाते (जुन्या ग्रंथांत कॅरिसा कंजेस्टा असे नाव आढळते), तर बागेत लावतात ती मोठ्या फळांची कॅरिसा कॅरंडस. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात फळांच्या विक्रीसाठी विचारात घेण्यासारखी आहे. परंतु आपल्या कातळावर जी जाळी कोणी न लावता उभी आहे, तिच्या चिवटपणाची खात्री वेगळी करून घ्यावी लागत नाही.

खरी काळजी बियांची घ्यावी लागते, कारण करवंदाचे बी साठवणीत टिकत नाही. मे महिन्यात पूर्ण पिकलेल्या फळांतून काढलेले बी धुऊन, सावलीत केवळ पाणी निथळेपर्यंत ठेवून लगेच पिशवीत पेरावे. फांद्यांचे छाट सहसा मुळे धरत नाहीत, गुटी कलम (फांदी झाडावरच असताना तिला मुळे फोडून केलेले) मात्र साधते. रोप पहिल्या वर्षी फार सावकाश वाढते, म्हणून ते पिशवीतच जोपासून पुढच्या पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन फुटांच्या अंतराने लावावे. पाणी साचणारी जागा तेवढी टाळावी.

छाटणीविषयी: फुलांचे घोस फांद्यांच्या टोकांशी येतात आणि बहर साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, त्यामुळे हिवाळ्यात कात्री चालवली की त्या वर्षीचे बरेचसे फळ गेलेच. फळे उतरल्यानंतर, पावसाच्या तोंडावर छाटल्यास जाळी दाट होते आणि नव्या फुटीला बहरापर्यंत पुरेसा अवधीही मिळतो.

परसदार

फळाच्या बाबतीत तोडणीची वेळ ठरवून ठेवावी. लोणच्यासाठी हिरवी, कडक करवंदे लागतात. देठापाशी येणारा पांढरा चीक जाण्यासाठी ती मिठाच्या पाण्यात ठेवून, नंतर धुऊन कोरडी करावीत. जेलीसाठी मात्र रंग धरू लागलेली, अर्धवट पिकलेलीच घ्यावीत, कारण पूर्ण पिकल्यावर पेक्टिन (जेली घट्ट करणारा घटक) कमी होते आणि जेली नीट धरत नाही. काळीभोर पिकलेली फळे सरबताला उत्तम, अर्थात ती घरापर्यंत पोहोचली तर! केकवरची लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा बी काढून, पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

वनौषधी वाचक

फळ खाण्याजोगे आहे म्हणून मूळही तसेच असेल, हे गृहीतक करवंदाच्या बाबतीत धोक्याचे आहे. ही वनस्पती कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुळातील असून, तिच्या मुळांमध्ये हृदयाच्या कार्यावर परिणाम करणारे घटक आढळल्याच्या नोंदी आहेत. आयुर्वेदात ‘करमर्द’ या नावाने हिचा उल्लेख येतो. कच्चे फळ आंबट व पित्त वाढवणारे, तर पिकलेले पित्त शमवणारे मानले आहे. मुळांचा वापर कडू पाचक आणि जंतनाशक म्हणून परंपरेने होत आला, हे खरे. परंतु वृद्ध व्यक्तीला, विशेषतः रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असताना, असा काढा घरी अंदाजाने उकळून देणे मला अजिबात योग्य वाटत नाही. पोटाची तक्रार कशामुळे आहे, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि काढ्याचा सल्ला मिळाल्याचेही त्यांना सांगावे.

कातळवाट

सर्वांचे आभार. काढ्याचा विचार सोडून दिला आहे. आता एकच शंका उरते: आमच्याकडे मोकाट शेळ्या फिरतात, तर एवढ्या काटेरी झुडपाला निराळ्या संरक्षणाची गरज पडेल का?

बांधकरी

सुरुवातीला नक्की पडेल. लहान रोपांचे काटे कोवळे असतात आणि शेंडा खुडला गेला की आधीच मंद असलेली वाढ आणखी रखडते. रोपांच्या बाहेरच्या अंगाला वाळलेल्या काटेरी फांद्यांची वई घालावी आणि फांद्या एकमेकींत गुंतेपर्यंत ती दरवर्षी पावसाळ्यानंतर नव्याने भरावी.